गोठलेल्या बागेचा आनंद: ईशान्य अमेरिकेच्या हिवाळ्यात परसबाग कशी पाहावी आणि कशी राखावी

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि कनेटिकट या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची बाग साधारणपणे मे महिन्यात सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे आवरली जाते. मिरच्या आणि दुधी काढून होतात, तुळस घरात येते, पाण्याची नळी गुंडाळून गराजमध्ये जाते आणि त्यानंतर मार्चअखेरपर्यंत मागच्या आवाराकडे कोणी फारसे पाहत नाही. बाग म्हणजे फुले आणि भाजी ही आपली समजूत ज्या हवामानात घडली, तिथे जमीन कधी गोठत नाही. त्यामुळे पाने गळून गेलेल्या, पांढऱ्या पडलेल्या आवारात पाहण्यासारखे काही उरते, हे सहजासहजी पटत नाही. वास्तविक वर्षातले चार-साडेचार महिने जे दृश्य आपल्या खिडकीतून दिसणार आहे, त्याची आखणी उन्हाळ्यातल्या फुलांइतक्याच काळजीने करायला हवी. पुढील सूचना मुख्यतः याच पट्ट्यासाठी आहेत. शिकागो किंवा टोरंटोच्या वाचकांनी झाडे अधिक काटक निवडावीत. लंडनकडच्या वाचकांना थोडी सूट घेता येईल.

आधी खिडकी ठरवावी

हिवाळी बाग प्रामुख्याने घरातून पाहायची असते, म्हणून कामाची सुरुवात खुर्चीत बसून करावी. घरातली माणसे दिवसाउजेडी कोणत्या खिडकीशी खरोखर उभी राहतात किंवा बसतात, हे आधी ध्यानात घ्यावे. इथल्या अनेक घरांत स्वयंपाकघरातले सिंक मागच्या आवाराकडच्या खिडकीखाली असते, आणि भांडी विसळताना किंवा चहा उकळेपर्यंत आपण रोज तिथेच उभे असतो. दिवाणखान्याची भव्य खिडकी कितीही आवडती असली, तरी तिचे पडदे दिवसभर ओढलेलेच राहत असतील तर तिच्यासाठी झाडे लावण्यात अर्थ नाही.

खिडकी ठरली की तिच्यातून फोनवर एक छायाचित्र घ्यावे आणि ते कृष्णधवल करून पाहावे. रंग काढून टाकले की बागेचा सांगाडा उघडा पडतो, म्हणजे कुठे गडद ठोकळा आहे, कुठे उभ्या रेषा आहेत आणि कुठे नुसतेच रिकामे मैदान आहे, हे स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात पानांनी झाकलेल्या नको त्या वस्तूही याच छायाचित्रात सापडतात. ताडपत्रीने झाकलेली ग्रिल, कचऱ्याचे डबे, एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या कुंड्या आणि टोमॅटोचे तारेचे पिंजरे हे सारे पहिल्या बर्फाआधी दृष्टिआड करावे. कोणतेही रोप विकत न घेता बाग निम्म्याने सुधारते ती या आवराआवरीने, असे माझे मत आहे. त्यानंतर दृश्यात मागे काहीतरी गडद आणि सदाहरित, मध्ये काहीतरी उभे आणि पुढे काहीतरी बुटके असे तीन थर जमवता आले, तर लहान आवारालाही पुरेसे होते.

सूर्य कुठून येतो ते पाहावे

पुण्यात 21 डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो. न्यू जर्सीच्या अक्षांशावर तो त्याच दिवशी जेमतेम 26 अंशांवर येतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. याचा अर्थ असा की इथे हिवाळ्यात दिवसभर प्रकाश तिरपाच पडतो, सावल्या लांबच लांब असतात आणि स्वच्छ बर्फावर त्या निळसर दिसतात. छायाचित्रकार ज्या उन्हाची सकाळ-संध्याकाळ वाट पाहतात, ते इथे भर दुपारीही मिळते. त्याचा उपयोग मात्र खिडकीच्या दिशेनुसार करावा लागतो.

खिडकी दक्षिणेला किंवा पश्चिमेला उघडत असेल, तर सूर्य झाडांच्या मागून डोळ्यांकडे येतो. तिथे शोभिवंत गवते आणि वाळलेली बोंडे लावावीत, कारण मागून उजेड आला की त्यांच्या कडा उजळतात. खिडकी उत्तरेकडे असेल तर प्रकाश आपल्या पाठीमागून झाडांच्या अंगावर पडतो, तेव्हा रंगीत काटक्या आणि सालीचा पोत अधिक खुलतो. उत्तरेच्या बाजूला एक अडचण अशी की घराचीच सावली आवारावर पसरते. 8 मीटर उंचीच्या घराची सावली डिसेंबरच्या माध्यान्ही सुमारे 16 मीटर लांब पडते, म्हणून लाल काटक्यांचे झुडूप त्या सावलीच्या पलीकडे गेले पाहिजे. अलीकडे लावले तर ते विटकरी आणि निस्तेज दिसते. सावलीतल्या पट्ट्यात बर्फ जास्त दिवस टिकतो, तेव्हा तो पट्टा मोकळाच ठेवून त्यावर सावल्यांची नक्षी पडू द्यावी.

ऑक्टोबरात कात्री आवरावी

हिवाळी बागेचे सर्वांत मोठे नुकसान शरद ऋतूतल्या स्वच्छतेने होते. पाने पिवळी पडू लागली की सगळे वाफे जमिनीसपाट कापून, वर तपकिरी भुसा पसरून आवार 'स्वच्छ' करण्याची इथे रीत आहे, आणि लॉन कापणाऱ्या मंडळींना सांगितले नाही तर ते हे काम न विचारताच करून जातात. त्यांना स्पष्ट सूचना द्यावी. इकिनेशिया, रुडबेकिया, मोनार्डा, 'ऑटम जॉय' जातीचे सेडम आणि हायड्रेंजियाचे सुकलेले गुच्छ हे सगळे जसेच्या तसे उभे राहू द्यावे.

इकिनेशियाचे एक बोंड हिवाळ्यातल्या सकाळी जवळून पाहण्यासारखे असते. पाकळ्या केव्हाच गळून गेलेल्या असतात आणि मधला काटेरी गोळा तेवढा काळपट तपकिरी होऊन देठावर उभा असतो. रात्री दहिवर पडले की त्या प्रत्येक काट्याच्या टोकावर वेगळा स्फटिक चढतो, आणि ऊन पडल्यावर हे स्फटिक सूर्याकडच्या बाजूने आधी वितळत असल्याने काही काळ अर्धा गोळा पांढरा आणि अर्धा ओला काळा दिसतो. सेडमची सपाट डोकी बर्फ वेगळ्या तऱ्हेने झेलतात: प्रत्येक तुऱ्यावर स्वतंत्र पांढरी टोपी बसते आणि वारा आला तरी ती लगेच पडत नाही. याच बोंडांतले बी टिपायला गोल्डफिंच पक्षी येतात. उन्हाळ्यात पिवळाजर्द दिसणारा नर या दिवसांत मळकट हिरवा झालेला असल्याने अनेकांना तो ओळखूच येत नाही.

सरसकट सगळेच ठेवावे असे मात्र नाही. होस्टाची पाने पहिल्या कडक गारठ्यात लिबलिबीत होतात, ती काढावीत. भुरी आलेले फ्लॉक्स, रोगट टोमॅटो आणि पिओनीची डागाळलेली पाने यांना हिवाळाभर ठेवले तर रोग पुढच्या वर्षाकडे सोपवला जातो, म्हणून तीही उचलून टाकावीत. उभ्या ठेवलेल्या देठांचा लाभ मधमाश्यांनाही होतो, कारण इथल्या कित्येक एकांड्या जंगली मधमाश्या पोकळ किंवा भेंडाळ देठांत घर करतात. वसंतात छाटणी करताना देठ 20 ते 60 सेंटिमीटर उंचीचे ठेवून वरचा भाग कापावा. नव्या पालवीत ते खुंट लवकरच झाकले जातात.

गवतांपैकी 'कार्ल फॉर्स्टर' हे सर्वांत भरवशाचे आहे. त्याची सरळ उभी पाती बर्फाने वाकली तरी बहुधा पुन्हा सावरतात. स्थानिक गवतांत स्विचग्रास आणि लिटल ब्लूस्टेम चांगली. दुसऱ्याचा तांबूस रंग थंडी वाढत जाईल तसा ओल्या दिवसांत अधिकच गडद वाटतो. रोपवाटिकांत हमखास दिसणारे मिस्कॅन्थस मी सुचवणार नाही, कारण पूर्वेकडच्या अनेक भागांत ते बागेबाहेर पसरून रानावर आक्रमण करते, आणि शिवाय जड ओल्या बर्फाखाली ते चारी बाजूंना फाकते.

शेजाऱ्यांच्या किंवा होमओनर्स असोसिएशनच्या तक्रारीची भीती असेल, तर वाफ्याची कडा कुदळीने रेखीव कापून घ्यावी आणि तिच्यालगतचे लॉन नीट राखावे. कडा स्वच्छ असली की आतले वाळलेले झुपके हेतुपूर्वक ठेवले आहेत हे कळते. त्यानेही समाधान न झाल्यास न्यूयॉर्कच्या हाय लाइनकडे बोट दाखवावे. 2009 पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या, जुन्या उंचावरच्या रेल्वेमार्गावरील या बागेची लागवड डच उद्यानरचनाकार पीट औडोल्फ यांची आहे, आणि तिथली सुकलेली गवते आणि बोंडे हिवाळाभर उभी ठेवून मार्चच्या सुमारास कापली जातात. शिकागोत 2004 साली खुल्या झालेल्या मिलेनियम पार्कमधल्या लुरी गार्डनची लागवडही त्यांचीच आहे. दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. घरी झाडे लावण्यापूर्वी जानेवारीत एकदा हाय लाइनवर चालून आल्यास कोणती बोंडे टिकतात आणि कोणती झडतात, हे डोळ्यांनी पाहता येते.

हिवाळ्यासाठी काय लावावे

झाड निवडण्यापूर्वी अमेरिकेच्या कृषी खात्याच्या काटकपणाच्या नकाशावर आपला विभाग पाहावा. 2023 मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या या नकाशात देशाचे 13 विभाग असून प्रत्येक विभाग वर्षातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवर, 10 अंश फॅरनहाइटच्या फरकाने ठरवलेला आहे. न्यू जर्सीचा मोठा भाग विभाग 6 आणि 7 मध्ये मोडतो; विभाग 7 म्हणजे नीचांक साधारण उणे 18 ते उणे 12 अंश सेल्सिअसच्या दरम्यान. खाली सांगितलेली झाडे या दोन्ही विभागांत निभावतात.

पहिली निवड रेड ट्विग डॉगवुडची करावी. पाने गळाली की त्याच्या काटक्या लालभडक दिसतात, आणि हा रंग कोवळ्या काटक्यांवर सर्वांत गडद असतो. जुनी खोडे करडी पडत जातात, म्हणून दरवर्षी मार्चच्या आरंभी सर्वांत जुन्या एक-तृतीयांश खोडांना जमिनीलगत कापावे. ही छाटणी टाळणाऱ्यांच्या झुडपात काही वर्षांनी फक्त टोके लाल उरतात. एकटे झुडूप हरवून जाते. तीन किंवा पाच एकत्र लावून मागे गडद सदाहरित झाड ठेवावे.

विंटरबेरी ही इथलीच, पूर्व उत्तर अमेरिकेतली पानझडी होली (एरवी बहुधा सदाहरित असणाऱ्या झुडपाची जात) आहे. तिची पाने पूर्ण गळतात आणि उघड्या फांद्यांवर लाल फळांची गर्दी राहते. नर आणि मादी झुडपे वेगळी असल्याने नुसती मादी आणून भागत नाही. जवळपास, साधारण 15 मीटरच्या आत, त्याच सुमारास फुलणारा नर असावा लागतो. 'विंटर रेड' या मादीसाठी 'सदर्न जंटलमन' हा नर, आणि बुटक्या 'रेड स्प्राइट'साठी 'जिम डँडी' या जोड्या जमतात. एका नरावर पाच-सहा माद्या सहज फळतात, तेव्हा नराला दर्शनी जागा देण्याचे कारण नाही. तो कुंपणाकडेला राहू द्यावा. फळे माणसांनी खाण्याची नाहीत, हे लहान मुलांना बजावावे. रॉबिन आणि सीडर वॅक्सविंग पक्ष्यांचा थवा एखाद्या दिवशी येतो आणि दुपारपर्यंत झुडूप रिकामे करून जातो. त्याबद्दल हळहळू नये, कारण तो थवा पाहणे हाही या लागवडीचाच लाभ आहे.

विच हेझल हे भर थंडीत फुलणारे झाड न्यू जर्सीतल्या मराठी घरांत फारसे दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते. बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटममधून आलेली 'आर्नल्ड प्रॉमिस' ही जात फेब्रुवारी-मार्चमध्ये, अंगणात बर्फ असतानाही, पिवळी फुलते. लिंबाची साल सोलताना निघणाऱ्या अरुंद, वळलेल्या पट्ट्यांसारख्या तिच्या चार पाकळ्या कडाक्याच्या थंडीत आत गुंडाळल्या जातात आणि दुपारी ऊब आली की पुन्हा उलगडतात, त्यामुळे एकच फूल अनेक दिवस टिकते. तिला गोड वास असतो, म्हणून ती गाडीपासून घराच्या दारापर्यंतच्या वाटेवर लावावी. हिवाळ्यात आपण बागेतून चालतो ते बहुधा तेवढेच अंतर. विकत घेताना नाव तपासावे, कारण इथली रानटी जात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच फुलून जाते.

सालीसाठी लावायच्या झाडांत पेपरबार्क मेपलला तोड नाही. अर्नेस्ट विल्सन यांनी 1901 मध्ये चीनमधून इंग्लंडात आणलेल्या या झाडाची दालचिनी रंगाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटत राहते आणि मागून ऊन आले की ते पापुद्रे पारदर्शक होतात. ते हळू वाढते, त्यामुळे खिडकीजवळ लावले तरी चालते. हिमालयातला भूर्ज, ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याचीच पांढऱ्याशुभ्र सालीची जात इंग्लंडच्या हिवाळी बागांत फार लोकप्रिय आहे. केंब्रिजजवळच्या अँगलसी अॅबीमधले तिचे बन त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिकडच्या वाचकांनी ती अवश्य लावावी. पूर्व अमेरिकेत मात्र ब्राँझ बर्च बोरर हा खोडकिडा तिला सहसा जगू देत नाही, म्हणून इथे मन आवरून रिव्हर बर्चची 'हेरिटेज' ही जात घ्यावी. तिची साल शुभ्र नसते, पण बदामी आणि गुलाबी छटांचे तिचे ढलपे बर्फात उठून दिसतात.

मागच्या गडद पडद्यासाठी बॉक्सवुड हे दाट सदाहरित झुडूप पूर्वी डोळे मिटून लावत असत. 2011 मध्ये कनेटिकट आणि नॉर्थ कॅरोलायनात प्रथम आढळलेल्या बॉक्सवुड ब्लाइट या बुरशीजन्य रोगानंतर ते धोक्याचे झाले आहे; त्याऐवजी इंकबेरी किंवा अमेरिकन होली घ्यावी. यू आणि आर्बरव्हिटे ही दुसरी सदाहरित झाडे हरणांची आवडती खाद्ये आहेत, आणि जानेवारीत भुकेलेले हरीण कुंपण ओलांडून येते, हे उपनगरांत राहणाऱ्यांना सांगायला नको.

जमिनीलगत स्नोड्रॉप आणि हेलेबोर या दोघांवर भिस्त ठेवावी. स्नोड्रॉपचे कंद लवकर सुकतात, म्हणून ते हाती येताच ऑक्टोबरमध्ये 7-8 सेंटिमीटर खोल पुरावेत; त्यांच्या पानांची टोके कडक असल्याने ती गोठलेल्या मातीतून वर येऊ शकतात. हेलेबोरची फुले खाली मान घालून असतात, तेव्हा ते चढावर किंवा उंचावलेल्या वाफ्यात लावावे. कडक थंडीच्या सकाळी त्याचे देठ जमिनीवर लोळण घेतात, पण दुपारपर्यंत पुन्हा उभे राहतात. दोन्ही वनस्पती विषारी आहेत आणि त्यामुळेच हरणे व खारी त्यांना तोंड लावत नाहीत.

दहिवर, बर्फ आणि काच

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. तिथे आधी दव पडते आणि मग ते गोठते. इथे हवेतली वाफ थेट स्फटिक होऊन काटक्यांवर बसते आणि त्याला पिसांसारखे दाते फुटतात. यासाठी निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि हवेत पुरेसा ओलावा लागतो. आदल्या दिवशी पाऊस किंवा बर्फवितळ झाली असेल आणि रात्री चांदण्या स्पष्ट दिसत असतील, तर सकाळी सूर्योदयाच्या वेळी खिडकीशी यावे. ऊन अंगावर आले की हे सगळे थोड्याच वेळात नाहीसे होते. अशा सकाळी लॉनवर चालू नये. गोठलेली पाती पायाखाली तुटतात आणि पावलांचे तपकिरी ठसे नंतर बराच काळ राहतात.

घराजवळ ऱ्होडोडेंड्रॉन असेल तर तापमापकाची गरज नाही. पारा शून्याजवळ आला की त्याची पाने खाली झुकू लागतात, आणि साधारण उणे 7 अंशांच्या खाली गेल्यावर ती बारीक सुरळ्या होऊन देठाशी लोंबतात. झाड मेले असे समजून ते उपटण्याची घाई करू नये. ऊब आली की तीच पाने पुन्हा सपाट होतात. खरा धोका आहे तो पाण्याच्या तुटवड्याचा: वारा आणि ऊन पानांतले पाणी ओढत राहतात आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते परत मिळत नाही, त्यामुळे सदाहरित झाडे फेब्रुवारीअखेर तपकिरी पडतात. थँक्सगिव्हिंगच्या आसपास, जमीन गोठण्यापूर्वी, त्यांना एकदा भरपूर पाणी द्यावे. पालापाचोळ्याचे आच्छादन जमीन गोठल्यानंतर घालावे, कारण मातीचे गोठणे-वितळणे वारंवार होऊ लागले की नवी रोपे मुळांसकट वर उचलली जातात. ते थांबवणे हेच आच्छादनाचे काम आहे. साचलेला बर्फही तेच काम करतो, म्हणून वाफ्यांवरचा बर्फ काढू नये.

भुरभुरीत बर्फ फांद्यांवर खुशाल राहू द्यावा. ओला, जड बर्फ मात्र होली किंवा आर्बरव्हिटेला फाडू शकतो, तेव्हा मऊ झाडूने फांदी खालून वर हलकेच उचलत तो पाडावा. पाऊस गोठून फांद्यांवर काच चढली असेल तर हात लावू नये, कारण त्या वेळी फांदी ठिसूळ असते आणि बर्फ झटकताना तीच तुटते. अशा दिवशी मोठ्या झाडांखाली उभे राहणेही टाळावे आणि ते लखलखते दृश्य आतूनच पाहावे.

वाटेवर टाकलेले मीठ बागेचा शत्रू आहे. झाडांजवळ शक्यतो वाळू वापरावी, आणि ड्राइव्हवेवरचा मीठ मिसळलेला बर्फ फावड्याने वाफ्यात ढकलू नये. कुंड्यांच्या बाबतीत, पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते हे लक्षात ठेवावे. ओल्या मातीने भरलेली साधी मातीची कुंडी त्यामुळे तडकते. तुळस रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जाऊ लागताच घरात घ्यावी आणि रिकाम्या दगडी वृंदावनातली माती काढून ते बाहेरच राहू द्यावे. खिडकीच्या रेषेत ठेवलेल्या वृंदावनाच्या चौकोनी कडांवर बर्फ फार रेखीव बसतो, आणि आवाराला एक आपला म्हणावा असा केंद्रबिंदू मिळतो.

पक्षी आणि उजेड

गोठलेल्या बागेत हालचाल असते ती पक्ष्यांची. काळ्या सूर्यफुलाचे बी ठेवले तर कार्डिनल, चिकडी आणि जुन्को हमखास येतात. कार्डिनलचा लाल नर बहुधा अगदी पहाटे आणि अगदी संध्याकाळी दिसतो. दाणापात्र काचेपासून एक मीटरच्या आत तरी असावे किंवा 9 मीटरहून दूर तरी, कारण मधल्या अंतरावरून झेपावणारे पक्षी काचेवर जोरात आदळतात. ते दोन आठवड्यांतून एकदा गरम पाण्याने धुवावे. दाण्यापेक्षा पाण्याची टंचाई या दिवसांत अधिक असते, म्हणून विजेवर ऊबदार राहणारे पाण्याचे पात्र घेतले तर दाणे न खाणारे पक्षीही येतात. वायव्य न्यू जर्सीत काळ्या अस्वलांचा वावर असल्याने तिथल्या रहिवाशांनी स्थानिक नियम पाहूनच दाणे टांगावेत. मुलांना गोडी लावायची असेल, तर 1998 पासून दर फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भाग घ्यावा; किमान 15 मिनिटे खिडकीतून पक्षी मोजून नोंदवणे एवढेच त्यात करायचे असते.

नोकरी करणारी माणसे घरी येतात तेव्हा अंधार पडलेला असतो, त्यामुळे एखादा दिवा असल्याशिवाय आठवड्याचे पाच दिवस ही बाग दिसतच नाही. पेपरबार्क मेपल किंवा बर्चच्या बुंध्याशी 2700 केल्विनच्या उबदार पिवळसर छटेचा, 12 व्होल्टचा एक एलईडी दिवा वर तोंड करून लावावा. एकच पुरे; सगळे आवार उजळले की सावल्या मरतात. झोपण्याच्या वेळी तो टायमरने बंद व्हावा. दिवाळीच्या माळा फेब्रुवारीपर्यंत ठेवण्यासही हरकत नाही, मात्र रंग बदलणाऱ्या, लुकलुकणाऱ्या माळा बर्फावर डोळ्यांना फार त्रास देतात.

बर्फाचा कंदील करणे हा मुलांसाठी उत्तम उद्योग आहे. तापमान उणे 7 अंशांच्या खाली राहणार असेल त्या रात्री प्लास्टिकची बादली पाण्याने भरून उघड्यावर ठेवावी. पाणी कडेने आणि वरून आधी गोठते, आत मात्र पातळ राहते. 12 ते 24 तासांनी, भिंत दोन बोटे जाड झाली की, बादली बाहेरून कोमट पाण्याने भिजवून उलटी करावी, खालच्या बाजूचा पातळ थर फोडून आतले पाणी ओतून द्यावे आणि त्या पोकळीत पणती किंवा बॅटरीचा दिवा ठेवावा.

बाहेर पडताना

दहा-पंधरा मिनिटे का होईना, पण बाहेर पडावे; वास आणि आवाज खिडकीतून येत नाहीत. तापमानाऐवजी वाऱ्यासह जाणवणाऱ्या थंडीचा आकडा पाहावा, कारण तो उणे 28 अंशांच्या खाली गेला तर उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, आणि बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घसरण्यापासून वाचवतात. फोनने छायाचित्रे घेताना उजेड थोडा वाढवून घ्यावा, नाहीतर पांढरा बर्फ राखाडी उमटतो.

इतरांच्या बागा पाहण्यासाठीही हाच हंगाम चांगला. पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवुड गार्डन्सचे काचघर ऊब घ्यायला उपयोगी पडते. त्याहून अगत्याने जावे ते डेलावेअरमधल्या विंटरथरला, जिथे हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी 1902 पासून लावत नेलेला मार्च बँक हा उतार फेब्रुवारी-मार्चमध्ये हजारो स्नोड्रॉपने पांढरा होतो.

नव्या लागवडीच्या जागाही याच दिवसांत ठरवाव्यात. घरातले एक माणूस खिडकीशी उभे राहावे आणि दुसऱ्याने बाहेर बर्फात बांबूची काठी रोवून त्याच्या सांगण्याप्रमाणे ती डावी-उजवीकडे सरकवावी. जिथे झाड हवे तिथे काठी आली की तिचे छायाचित्र घ्यावे आणि कुंपणापासूनचे अंतर मोजून लिहून ठेवावे, कारण बर्फ वितळला की काठी पडते. झुडपे एप्रिलमध्ये लावता येतील. स्नोड्रॉपच्या कंदांची मागणी मात्र उन्हाळ्यातच नोंदवून ठेवावी, कारण चांगल्या जाती सप्टेंबरपर्यंत संपलेल्या असतात.